मिराबायचे सायबीणपण

ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशात मिलाग्रीस सायबीणीचे फेस्त भरते आणि वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात श्री लईराईची जत्रा. गोव्यात या दोघी बहिणी मानल्या जातात. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय यांची बहीण मिराबाय म्हापशाला गेली आणि सायबीण झाली, अशी लोककथा. शिरगावहून तेल जाते, म्हापशाहून मोगरा येतो, अशी परंपरा लोक सांगतात. फेस्ताच्या दिवशी सेंट जेरोम चर्चमध्ये सायबीणीपुढे तेल ओतायला जी रांग लागते, तिच्यात क्रूस घातलेली आजी असते आणि तिच्यामागे कपाळाला कुंकू लावलेली बाईही.

या कथेचे मोल आम्हाला एका गोष्टीत वाटते. मिराबाय ख्रिस्ती झाली हे कोणी झाकून ठेवलेले नाही. शिरगाव तिला परत ये म्हणत नाही, म्हापसाही तिचे माहेर नाकारत नाही. ख्रिस्ती म्हणून उघडपणे आणि प्रामाणिकपणे जगायचे म्हणजे काय, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

जुन्या काबिजादीत, साष्टी-बार्देशात, ख्रिस्ती असणे सोपे आहे, वाड्यावाड्यावर खुरीस आहेत. डिचोली पोर्तुगीजांकडे आली 1781 मध्ये, पेडणे 1788 मध्ये. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून इथे ख्रिस्ती घरे थोडी. शेजारी सगळे जत्रेला निघाले असताना आपण कोण हे संकोच न बाळगता सांगायला इथे मन घट्ट लागते. त्याच प्रामाणिकपणाची दुसरी बाजूही आहे: 1560 ते 1812 या काळात गोव्यात इन्क्विझिशन होते, देवळे मोडली गेली, माणसे छळली गेली. आजच्या ख्रिस्ती माणसाच्या माथी तो दोष येत नाही. पण तो इतिहास टाळून त्याला शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही.

मराठीत या प्रामाणिकपणाचा वारसा मोठा आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी सांगितले नाही, आणि तो घाव किती खोल गेला ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवले नाही. सोवळेओवळे मनातून गेल्यावर, स्वतःची खात्री पटल्यावरच, सुमारे पाच वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यामागे मुकाट्याने जाणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही, म्हणून त्यांच्या श्रद्धेला वजन आहे. टिळकांनीही ख्रिस्ताची कीर्तने मराठी कीर्तनाच्याच घाटात केली.

आणि हे जुने झाले म्हणू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झालाच. तरीही ते मागे हटले नाहीत. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाकडे आपलेपणाचा दाखला मागणे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

शिरगाव-म्हापशाचे नाते अलीकडेही दिसले. 2025 मध्ये शिरगावची जत्रा 2 मेला होती, म्हापशाचे फेस्त 5 मेला. मधल्या 3 मेच्या पहाटे शिरगावात चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे बळी गेले. ते दुःख साऱ्या गोव्याचे होते.

डिचोली-पेडण्यातील ख्रिस्ती बांधवांना आमचे सांगणे इतकेच: मुलांची नावे, घरातला क्रूस, रविवारची मिसा यांपैकी काहीही दडवू नका, आणि लईराईच्या धोंड भक्तांचे व्रत सुरू झाले की त्यांच्या वाटेवर पाण्याचा हंडा ठेवायलाही विसरू नका. हिंदू वाचकांनी यंदाच्या फेस्ताला म्हापशाला अवश्य जावे. तेल घालावे, आणि तिला सायबीण म्हणूनच हाक मारावी.