पायाखालची जमीन तपासताना
नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस खडक, वर जागोजागी काळी माती; अशा शहरात एका बोअरवरून शेजारच्या प्लॉटखालचा अंदाज बांधणे धोक्याचे. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने मांडलेली पृष्ठलहर इथे कामी येते. हातोड्याच्या घावाने उठलेल्या आखूड लहरींचा वेग वरच्या थरावर ठरतो, लांब लहरींचा खोलवरच्या. जमिनीची कंपने मोजणाऱ्या जिओफोनच्या रांगेने तो फरक टिपला की न खोदता थरांचा कणखरपणा कळतो. बोअरमध्ये खडक प्रत्यक्ष हाती येतो, हे खरेच, म्हणून दोन्ही हवेत. इथे भूकंपाचे भय कमी, असे कुणी म्हणेल. पण १९९३च्या भूकंपापूर्वी किल्लारीही सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होती. म्हणून मोठ्या बांधकामांना पृष्ठलहरींची ही चाचणी सक्तीची करावी.