स्वयंसेवक की वेठबिगार?

‘पाहिजेत : प्रोग्रॅमर, चित्रकार, संगीतकार, लेखक. पगार नाही. अनुभव मिळेल, नाव येईल आणि गेम चालला तर नफ्यात वाटा मिळेल.’ अशा धर्तीचा मजकूर हल्ली आमच्या मूलसारख्या तालुक्याच्या गावातील पोरांच्या मोबाइलवरही येऊन पडतो. खाली त्या भावी व्हिडिओ गेमचे वर्णन असते, आणि ते वाचून माणसाची छाती दडपावी! मी वाचलेल्या अशाच एका जाहीरनाम्यात चांदा, देवगड, खेरला आणि गढा-मंडला ही चारही गोंड राज्ये होती. वैनगंगेचे दोन्ही तीर, मार्कंड्याची देवळे आणि ताडोबाचे सबंध अरण्य होते. खेळणाराला वाटेल तिकडे हिंडता येणार होते आणि हजारो माणसे एकाच वेळी तो खेळणार होती. यांपैकी तयार काय होते? नाव आणि बोधचिन्ह.

स्वप्नाची मी थट्टा करीत नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने तर ती मुळीच करू नये. परदेशी किल्ल्यांऐवजी राणी हिराईचे चांदा आमच्या मुलांनी पडद्यावर पाहिले तर मला हवेच आहे. माझा तंटा आहे तो हे स्वप्न दुसऱ्याच्या पाठीवर लादून वर त्याला संधी म्हणण्याच्या रीतीशी.

या पुढाऱ्यांनी कामाचा हिशेब कधी मांडला आहे काय? चंद्रपूरचा एक जटपुरा दरवाजा घ्या. तो गेममध्ये उभा करायचा तर आधी दहा बाजूंनी छायाचित्रे हवीत, मापे हवीत. मग संगणकावर त्याची घडण; मग त्यावर दगडाचा पोत; हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे ते गोंडराजांचे चिन्ह निराळे कोरावे लागणार. सकाळचे ऊन आणि संध्याकाळची सावली त्यावर वेगवेगळी पडली पाहिजे. खेळणारा कमानीखालून जावा, पण भिंतीतून आरपार जाऊ नये, याची तजवीज प्रोग्रॅमरने करायची. एवढे झाल्यावर कोणीतरी बसून शंभर वेळा त्या भिंतीला डोके आपटून पाहायचे. हे एका दरवाजाचे झाले. चांद्याच्या कोटाला असे चार दरवाजे आहेत, आणि कोटाच्या आतले शहर तर अजून बाकीच आहे! हजारो माणसे एकत्र खेळणार म्हटले की सर्व्हरचे भाडे आले, आणि ते दरमहा रोख मोजावे लागते. तिथे ‘अनुभव मिळेल’ असे सांगून भागत नाही.

दूर कशाला, पुण्याचेच उदाहरण पाहा. नॉडिंग हेड्स गेम्स या तेथील छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा गेम केला. सर्कशीतली एक मुलगी दैत्यांनी पळविलेल्या आपल्या भावाचा शोध घेते, एवढीच त्याची कथा. खेळायला लागतात पाच-सहा तास. करणारी माणसे या धंद्यातली, कसलेली. त्यांनी २०१७ साली लोकवर्गणीची हाक दिली, ती पुरी पडली नाही. संस्थापकांपैकी एकीने आपली सदनिका विकली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम बाहेर आला. पाच-सहा तासांच्या खेळाला ही यातायात! आणि आमचे वीर चार राज्ये घेऊन निघाले आहेत, तेही बारावीच्या पोरांच्या बळावर.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा हात चित्रकलेत फार चांगला. त्याला अशाच एका मंडळाने गाठले. मंडळाचे नाव मी सांगणार नाही. तशी ती सगळी सारखीच. आठ महिने पोरगा रात्र रात्र जागून वाघ, सांबर, मोहाची झाडे काढीत होता. त्या वर्षी त्याचे बारावीचे गणित राहिले. पुढे म्होरक्याला दुसऱ्या गेमची कल्पना सुचली आणि पहिले काम थंडावले. पोराने चित्रे परत मागितली, तर ‘ती प्रकल्पाची आहेत’ असे उत्तर आले. प्रकल्प कुठे आहे, हे मात्र कोणी सांगेना.

‘यात सक्ती कुठे आहे? पोरे आपखुशीने येतात,’ असे यावर म्हणतील. खरे आहे. घटनेच्या २३ व्या कलमाने बेगार बंद केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगार. या मंडळींच्या हातात चाबूक नाही, हे मी मान्य करतो. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कामाचे खरे मापच सांगितले नाही, तर त्याच्या आपखुशीला अर्थ काय राहिला?

विनामूल्य श्रमाचा महिमा आम्हाला कोणी शिकवू नये. बाबा आमट्यांचे सोमनाथ आमच्या मूल तालुक्यातच आहे. १९६७ च्या सुमारास त्या जंगलात कुष्ठमुक्त माणसांनी जमीन कसायला घेतली, आणि मे महिन्याच्या उन्हात देशभरातील तरुण तिथे श्रमसंस्कार छावणीला येऊ लागले. छदामही न घेता त्यांनी घाम गाळला. पण छावणी किती दिवसांची, हे येणाराला आधी ठाऊक असे. काम डोळ्यांपुढे असे, जेवण पंगतीत मिळे, आणि ज्याने बोलावले त्याच्या स्वतःच्या हातांना घट्टे पडलेले दिसत. आणि त्या घामातून कोणाची खाजगी मालमत्ता वाढणार नव्हती.

परदेशातील ‘झिरो ए. डी.’ हा गेमही स्वयंसेवकांनीच रचला. प्राचीन राज्यांच्या लढायांचा तो खेळ. त्यात आपले मौर्यही आहेत. कामाला दशकाहून अधिक काळ लागला. पण २००९ साली त्यांनी आपला सगळा कोड जगाला खुला करून टाकला. कोणाचाही श्रम एकाच्या तिजोरीत अडकून पडला नाही. आमचे म्होरके असे करतील काय? छे! गेम त्यांचा, नाव त्यांचे, हक्क त्यांचे. फक्त मेहनत सार्वजनिक.

ज्याला हक्क आपल्याकडे ठेवायचे आहेत, त्याने भांडवल उभे करावे. ज्ञानकोशकार केतकरांइतका अफाट संकल्प मराठीत क्वचितच कोणी केला असेल. त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदारांची दारे झिजविली, पगारी माणसे बसविली आणि २३ खंड पुरे केले. इतके मोठे नाव नको असेल तर वडशाला जा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग होतात. तिथे पेटी वाजविणारासुद्धा आधी रात्रीचा दर ठरवितो. ‘वाजव बाबा, तुझे नाव होईल’ असे त्याला म्हणून पाहा! आणि रोवणीला बाया लावल्या तर संध्याकाळी मजुरी चुकती करावी लागते, हे धानाच्या मुलुखात वाढलेल्या या म्होरक्यांना का ठाऊक नाही? मग संगणकासमोर बसून पाठ मोडली, तर ते तेवढे श्रम नव्हेत काय?

‘आम्हा गरिबांनी मग गेम करायचेच नाहीत का?’ असे एकाने मला थोड्या रागानेच विचारले. करा ना. चार राज्ये बाजूला ठेवा. आधी तो एक जटपुरा दरवाजा स्वतः उभा करा. त्याच्याखालून दोन मिनिटे हिंडता आले, वरचा सिंह ओळखू आला, भिंतीतून कोणी आरपार गेले नाही, की मला बोलवा. मी माझ्या नववीच्या वर्गाला घेऊन येईन. आणि तिकीट लावले असेल, तर सर्वांचे तिकीट काढीन.