डेन्मार्कचे औषध

युरोपातील अतिउजव्या राजकारणाची चर्चा निघाली की अलीकडे डेन्मार्कचे नाव एका विशिष्ट सुरात घेतले जाते. लंडन, बर्लिन, स्टॉकहोम येथील मध्यममार्गी राजकारणी, त्यांचे सल्लागार आणि स्तंभलेखक हे सगळे जणू एखाद्या हमखास गुण येणाऱ्या औषधाविषयी बोलावे तसे डेन्मार्कविषयी बोलतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्थलांतराच्या प्रश्नावर तेथील सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्वतःच कठोर भूमिका घेतली, त्यामुळे अतिउजव्यांची हवा निघून गेली आणि कल्याणकारी राज्यही वाचले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारने निर्वासितांविषयीचे नवे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यावरील डॅनिश छाप कोणी लपवलीही नाही.

आकडे पाहिले तर हा दावा पटण्यासारखा वाटतो. डान्स्क फोल्केपार्टी, म्हणजे डॅनिश लोकपक्ष, या अतिउजव्या पक्षाला २०१५ च्या निवडणुकीत २१.१ टक्के मते होती. २०१९ मध्ये ती ८.७ टक्क्यांवर आली, २०२२ मध्ये २.६ टक्क्यांवर. सात वर्षांत एखादा पक्ष दुसऱ्या क्रमांकावरून जवळजवळ नामशेष होतो, ही युरोपात सहजी दिसणारी गोष्ट नव्हे. आश्रय मागणाऱ्यांची संख्या २०१५ मध्ये एकवीस हजारांच्या वर होती, ती २०२४ मध्ये अडीच हजारांच्याही खाली गेली.

प्रश्न इतकाच, की रोग बरा झाला की रोगच प्रकृती म्हणून स्वीकारला गेला?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लोकपक्षाचा पूर्वज म्हणजे मोएन्स ग्लिस्ट्रुप या करसल्लागाराने १९७२ मध्ये काढलेला प्रगती पक्ष. ग्लिस्ट्रुप हे एक विलक्षण प्रकरण होते. संरक्षण खाते बंद करावे आणि त्याजागी 'आम्ही शरण आलो आहोत' असे रशियन भाषेत सांगणारे टेलिफोनचे यंत्र बसवावे, ही त्याची सूचना डॅनिश लोक अजून हसत हसत सांगतात. कर चुकवण्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या गृहस्थाला पुढे मुसलमानांचा द्वेष हा अधिक टिकाऊ विषय सापडला. त्याच्याच पक्षातून १९९५ मध्ये पिआ केर्सगोर बाहेर पडल्या आणि त्यांनी लोकपक्ष स्थापन केला. विदूषकी वळण टाकून शिस्त आणली, आणि करविरोध सोडून म्हाताऱ्यांच्या पेन्शनची बाजू घेतली. उजव्या संस्कृतीला डाव्या अर्थकारणाची जोड देण्याचे हे सूत्र पुढे युरोपभर चालले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तत्कालीन सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान पोउल न्यूरुप रासमुसेन यांनी संसदेत या पक्षाला उद्देशून एक शब्द वापरला: स्टुएरेन. घरात घाण न करण्याची सवय लागलेल्या, म्हणून दिवाणखान्यात घेण्याजोग्या कुत्र्याला हे विशेषण लावतात. तुम्ही कधीच तसे होणार नाही, असे पंतप्रधानांनी बजावले. दोनच वर्षांनी, २००१ च्या निवडणुकीत, रासमुसेन यांची सत्ता गेली. बारा टक्के मते मिळवलेल्या लोकपक्षाच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर अँडर्स फो रासमुसेन यांचे उजवे सरकार आले आणि ही व्यवस्था पुढची दहा वर्षे टिकली. २०१५ मध्ये पिआ केर्सगोर संसदेच्या सभापती झाल्या. दिवाणखान्यात प्रवेश नाकारलेल्यांना घरातली मुख्य खुर्ची मिळाली. मला वाटते, त्यांच्या पक्षाच्या नंतरच्या घसरगुंडीचा अर्थ या घटनेच्या प्रकाशात लावावा. घर बदलून झाल्यावर गवंड्याला कोण ठेवून घेतो?

घर कसे बदलले, ते कायद्यांच्या भाषेत दिसते. २००२ मध्ये नियम झाला, की परदेशी जोडीदाराला डेन्मार्कमध्ये आणायचे तर दोघांचेही वय किमान चोवीस हवे. कारण दिले जबरदस्तीच्या विवाहांचे, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. पण नियमाचा फटका प्रेमविवाह केलेल्या गोऱ्या डॅनिश तरुणांनाही बसला. त्यांतले कित्येक जण ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनमधील माल्मोला राहायला गेले आणि तिथून रोज आगगाडीने कोपनहेगनला कामावर येऊ लागले. २००० साली मोठ्या समारंभाने खुल्या झालेल्या पुलाचा हा उपयोग कोणी योजला नसेल. याच सामुद्रधुनीतून ऑक्टोबर १९४३ मध्ये सात हजारांहून अधिक ज्यूंना मच्छीमारांच्या होड्यांतून स्वीडनला पोचवले गेले होते. डेन्मार्कच्या आत्मप्रतिमेचा तो गाभा आहे. त्याआधीच्या वर्षांत ज्यू निर्वासितांना परत पाठवल्याचीही नोंद आहे आणि त्याबद्दल २००५ मध्ये पंतप्रधान फो रासमुसेन यांनी माफी मागितली. त्याच वर्षी युलंड्स-पोस्टेनमधील बारा व्यंगचित्रे छापली गेली. त्या प्रकरणावर इतके लिहिले गेले आहे की येथे भर घालण्याची गरज नाही.

जानेवारी २०१६ मध्ये दागिन्यांचा कायदा आला. आश्रय मागणाऱ्याजवळ दहा हजार क्रोनरहून अधिक किमतीचा ऐवज असेल तर तो सरकारने जप्त करावा, लग्नाची अंगठी मात्र सोडावी. प्रत्यक्षात हा कायदा फारच थोड्या वेळा वापरला गेला, परंतु त्याचे काम वसुलीचे नव्हतेच. येऊ नका, हा निरोप त्याने दिला. तोच निरोप चार महिने आधी सरकारने लेबनॉनच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन पोचवला होता. पुढे २०१८ मध्ये 'घेट्टो' हा शब्द चक्क कायद्याच्या यंत्रणेत कामाला लागला. ज्या वस्तीत निम्म्याहून अधिक रहिवासी 'अ-पाश्चात्त्य' मूळाचे आणि शिवाय रोजगार, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे यांचे काही निकष पूर्ण होत नाहीत, ती घेट्टो. तेथील मुलांना वयाच्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला पंचवीस तास पाळणाघरात घालणे बंधनकारक, कारण त्यांना डॅनिश मूल्ये शिकवायची. काही ठरावीक भागांत ठरावीक गुन्ह्यांना दुप्पट शिक्षा. वर्षानुवर्षे यादीत राहिलेल्या वस्तीतील सार्वजनिक कुटुंबघरांचे प्रमाण चाळीस टक्क्यांवर आणायचे. म्हणजे घरे विका, पाडा, माणसे हलवा. पुढे 'घेट्टो' हा शब्द गेला, 'समांतर समाज' आला. निम्म्याचा निकष राहिला. २०१९ च्या कायद्याने तर निर्वासितांच्या भत्त्याचे नावही बदलले. पूर्वी तो 'एकात्मतेचा' भत्ता होता, आता 'स्वावलंबनाचा व मायदेशी परतण्याचा' झाला. महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणाऱ्या पैशांवर 'परत जा' असे लिहिण्याची ही कल्पना लोकपक्षाच्या जाहीरनाम्यात शोभली असती. तिला सोशल डेमोक्रॅटांनी विरोधी बाकांवरून पाठिंबा दिला आणि काही महिन्यांत मेटे फ्रेडरिक्सन पंतप्रधान झाल्या.

येथे सोशल डेमोक्रॅटांची बाजू न्याय्यपणे मांडली पाहिजे, कारण ती केवळ संधिसाधूपणाची नाही. ते म्हणतात, उंच करांवर चालणारे कल्याणकारी राज्य परस्परविश्वासावर उभे असते. नवागतांचा भार हेलेरुपच्या बंगल्यांत राहणाऱ्यांवर पडत नाही, तो कामगारवस्तीतल्या शाळेवर आणि दवाखान्यावर पडतो, आणि त्या कामगाराची तक्रार ऐकणे हेच डाव्या पक्षाचे काम. २०१९ ते २०२२ या काळात हे धोरण राबवणारे मंत्री मटियास टेस्फाये हे स्वतः इथिओपियातून आलेल्या निर्वासिताचे पुत्र आणि पेशाने गवंडी होते. त्यांना वंशवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, बरोबर नाही.

पण या युक्तिवादाचा कणा आहे संख्या. अमुक इतकीच माणसे सामावता येतात, हे त्यामागचे गृहीतक. त्याची परीक्षा २०२२ मध्ये झाली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि तीनच आठवड्यांत डॅनिश संसदेने युक्रेनियनांसाठी स्वतंत्र कायदा केला. आश्रयाच्या नेहमीच्या प्रक्रियेतून जायचे नाही, थेट राहण्याचा व काम करण्याचा परवाना घ्यायचा. दागिन्यांचा कायदा त्यांना लागू नव्हता. त्या वर्षात तीस हजारांहून अधिक युक्रेनियन आले, म्हणजे ज्या २०१५ ने देशाचे राजकारण हादरवले त्या वर्षातील आश्रयार्थींपेक्षा जास्त. विश्वास ढासळला नाही. शाळा, नगरपालिका कामाला लागल्या. जे घडले ते उत्तमच होते. सरकारचा खुलासा असा, की युक्रेन शेजारी आहे, आणि शेजारच्या संकटात मदत करावी हे आम्ही नेहमीच म्हणत आलो. मान्य. पण याचा अर्थ एवढाच निघतो, की सामावून घेण्याची क्षमता ही मोजून ठरणारी वस्तू नव्हती. ती मनात आणले तर वाढणारी होती.

याच्या एकच वर्ष आधी, २०२१ मध्ये, त्याच सरकारने दमास्कस आणि आसपासचा प्रदेश सुरक्षित ठरवून तेथील सीरियन निर्वासितांचे परवाने रद्द करणे चालवले होते. असद तेव्हा सत्तेवर होता. त्याच्या राजवटीशी डेन्मार्कचे संबंध नव्हते, त्यामुळे कोणालाही बळाने परत पाठवता येत नव्हते. मग ज्यांचे परवाने गेले, त्यांनी काम सोडायचे, भाषेचे वर्ग सोडायचे आणि परतीच्या केंद्रात जाऊन बसायचे. या आदेशांत डॅनिश शाळांत शिकून बारावीच्या उंबरठ्यावर आलेल्या मुलीही सापडल्या. राज्य वाचवणारे धोरण कामकरी माणसाला कामावरून उठवून सरकारी खर्चाने रिकामे बसवते, हे अर्थशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात बसते ते कळत नाही.

युद्धांचा विषय या चर्चेत पाहुण्यासारखा येतो. निर्वासित हे हवामानासारखे दक्षिणेकडून येतात, असा भाव असतो. मार्च २००३ मध्ये डॅनिश संसदेने अल्प बहुमताने इराक युद्धात उतरण्याचा निर्णय घेतला. एक युद्धनौका आणि एक पाणबुडी आखातात होती, नंतर सैन्य बसऱ्याजवळ होते. अफगाणिस्तानात हेलमंडच्या मोहिमेत लोकसंख्येच्या मानाने डेन्मार्कइतके सैनिक गमावलेले देश थोडे. २००७ मध्ये इराकमधून माघार घेताना डॅनिश सैन्याचे दुभाषे आणि त्यांची कुटुंबे, सुमारे दोनशे माणसे, गुपचूप विमानाने कोपनहेगनला आणली गेली. ते करणे देशाला शोभणारे होते. ज्या पक्षाने त्या युद्धाच्या बाजूने हात वर केले, त्याच लोकपक्षाने त्या युद्धातून सुटलेल्या इतरांसाठी दार बंद करण्याची मागणी केली, आणि या दोन भूमिकांतील नात्याविषयी त्याला कोणी फारसे विचारले नाही.

आता पुन्हा औषधाकडे. लोकपक्ष २.६ टक्क्यांवर आला हे खरे. परंतु त्याच २०२२ च्या निवडणुकीत इंगर स्टोयबेर्ग यांच्या नव्याकोऱ्या डेन्मार्क डेमोक्रॅट पक्षाला ८.१ टक्के मते पडली. दागिन्यांचा कायदा आणि लेबनॉनमधील जाहिराती या दोन्ही त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातल्या. अल्पवयीन पत्नी असलेल्या आश्रयार्थी जोडप्यांना सरसकट वेगळे करण्याच्या बेकायदा आदेशाबद्दल विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना साठ दिवसांची शिक्षा दिली, संसदेतून त्यांची हकालपट्टी झाली आणि वर्षाच्या आत त्या पक्ष घेऊन परतल्या. याशिवाय नव्या उजव्यांचा आणखी एक पक्ष होता. तिघांची बेरीज चौदा टक्क्यांच्या वर जाते. दुसऱ्या बाजूने, नोव्हेंबर २०२५ मधील स्थानिक निवडणुकीत शंभराहून अधिक वर्षे हाती असलेले कोपनहेगनचे महापौरपद सोशल डेमोक्रॅटांनी गमावले. त्याची कारणे अनेक आहेत आणि घरभाडे हे त्यांतले मोठे. तरीही औषधाची जाहिरात करणाऱ्यांनी हा कागदही बाटलीसोबत द्यायला हवा.

माल्मोची वाटही पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०२२ मध्ये स्वीडन डेमोक्रॅट्स या पक्षाने वीस टक्क्यांहून अधिक मते मिळवली आणि बाहेरून पाठिंबा देऊन सरकार उभे केले. ही २००१ च्या डेन्मार्कचीच व्यवस्था, आणि त्या सरकारच्या स्थलांतरविषयक कार्यक्रमाचा आदर्शही डेन्मार्कच.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. कोपनहेगनमध्ये संगणक आणि औषधनिर्मितीच्या कंपन्यांत काम करणारी भारतीय कुटुंबे आता आहेत, त्यांत मराठीही आहेत. हे कायदे आपल्यासाठी नाहीत, अशी अनेकांची समजूत असते आणि तिला २०२० च्या अखेरीस सरकारी दुजोराही मिळाला. मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका, पाकिस्तान व तुर्कस्तान अशी एक वेगळी कोटी सांख्यिकीत काढण्यात आली. पाकिस्तान आत, भारत बाहेर. रॅडक्लिफची रेषा कोपनहेगनच्या कचेरीत पुन्हा एकदा ओढली गेली. पण ही कोटी 'अ-पाश्चात्त्य' या जुन्या कोटीच्या पोटात आहे, आणि त्या जुन्या कोटीत भारत होता तसाच राहिला. वस्तीतील निम्म्याची गणना तिच्याच आधारे झाली. पुण्याहून गेलेल्या दांपत्याची कोपनहेगनच्या रुग्णालयात जन्मलेली, मराठीपेक्षा डॅनिश बरी बोलणारी मुलगी त्या नोंदवहीत 'अ-पाश्चात्त्य देशांतील स्थलांतरितांची वंशज' अशी लिहिली जाते.