एकच मजला, दोन हिशेब

माझे दोन मावसभाऊ. थोरला, ज्याला आम्ही दादा म्हणतो, तीस-पस्तीस वर्षं न्यू जर्सीत. धाकटा नाना कायम पुण्यात. 2012 साली दोघांनी मिळून कोथरूडच्या पुढे एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट घेतले. प्रत्येकी 60 लाख, मुद्रांक-नोंदणीसकट. म्हातारपणी एकमेकांच्या दारात चहा प्यायचा, एवढाच बेत होता.

तो फसला. वहिनींचे गुडघे, नातवंडं, तिकडचे डॉक्टर. दादा परतले नाहीत. नाना मुलाकडे बंगळूरला निघाला. डिसेंबर 2024 मध्ये दोन्ही फ्लॅट एकाच गिऱ्हाइकाला, एकाच दिवशी, 1 कोटी 5 लाखांना एक, असे विकले. मधली भिंत पाडून त्याला मोठं घर करायचं होतं.

आता हिशेब पाहा. नानाच्या व्यवहारात गिऱ्हाइकाने 1 टक्का कर कापला, तोही पुढे परत मिळाला. नानाला कर शून्य. दादा-वहिनींच्या पैशांतून अधिभार आणि उपकरासह सुमारे 15 लाख कापले गेले. विवरणपत्र भरल्यावर त्यांचा खरा कर ठरला 5 लाख 85 हजार.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसालाही हे दोनदा वाचावं लागलं. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने घरविक्रीवरचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर 20 टक्क्यांवरून 12.5 वर आणला आणि त्याबरोबर महागाई निर्देशांकाचा लाभ काढून घेतला. ओरड झाली. ऑगस्टात सरकारने दुरुस्ती केली: त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीला जुनी किंवा नवी, जी पद्धत स्वस्त पडेल ती घ्या. मात्र हा पर्याय फक्त निवासी व्यक्तींना आणि अविभक्त हिंदू कुटुंबांना. परदेशस्थांना नाही.

निर्देशांक 2012-13 साली 200 होता, 2024-25 साली 363. म्हणजे नानाचे 60 लाख कागदावर 1 कोटी 8 लाख 90 हजार झाले. विक्री त्याहून कमी, नफाच नाही. दादांचा नफा मात्र सरळ वजाबाकीने 45 लाख. बारा वर्षांची महागाई एका दारात आली, समोरच्या दारात आलीच नाही!

एक कबूल करतो. ज्यांच्या घराची किंमत कित्येक पटींनी वाढली, त्यांना साडेबारा टक्केच परवडतात. तक्रार दराची नाही. निवड एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, ही आहे.

कर वाचवायला वाटा होत्या. भारतात दुसरं घर घ्या. पण हे तर घर आवरून निघालेले. किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत नफा गुंतवा, पाच वर्षांसाठी. दादांचं वय अठ्ठ्याहत्तर. फोनवर म्हणाले, "अरे, पाच वर्षांनी ते पैसे घ्यायला कोण येणार, मी की माझा फोटो?"

ते 15 लाख हा तर निराळाच जाच. कर नफ्यावर असतो, पण कर कमी कापण्याचा दाखला आधी आणला नाही, तर कपात व्यवहारात पूर्ण किमतीवर होते. दाखल्याचा अर्ज करावा लागतो, हे दादांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. गिऱ्हाईक घाईत होतं, आम्ही सगळे सह्यांच्या गडबडीत. (बँकेच्या काउंटरवर मी लोकांना काय काय बजावत असे! घरच्यांच्या बाबतीत ते कुठे आठवतं?) जास्तीचे नऊ लाखांवर रुपये पुढच्या दिवाळीच्या सुमारास मिळाले. तोवर तिकडे ज्येष्ठांच्या वसाहतीतली ठरवलेली जागा हातची गेली.

अमेरिकेत राहतं घर विकणाऱ्या दांपत्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ असतो, पण आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असावं लागतं. दादांच्या फ्लॅटला तीही सोय नव्हती.

माझं मागणं मोठं नाही. 2024 पूर्वी घेतलेल्या घराला जुन्या हिशेबाचा पर्याय परदेशस्थांनाही द्या. सर्वांना नको, तर निदान सत्तरीपुढच्यांना. त्यांनी घर घेतलं तेव्हा निर्देशांक सर्वांना सारखाच होता. आणि कपात नफ्याच्या अंदाजावर व्हावी, घराच्या किमतीवर नव्हे.

नानाने आपल्या वाचलेल्या करातला निम्मा भाग दादांना देऊ केला होता. दादांनी घेतला नाही. दोघांत त्यावरून महिनाभर अबोला होता.