ग्रामसभेत बसले, पण ऐकू आलं का?

आपल्या तळेगावात कानाला मशीन लावणारे कितीतरी म्हातारे ग्रामसभेत पुढे बसतात आणि शेवटी शेजाऱ्याला विचारतात, "काय ठरलं गा?" लोक म्हणतात, मशीन खराब असंल. तसं नसतं. मशीन माईकसोबत पंख्याचा न् गोंगाटाचा आवाजही वाढवते.

यावर उपाय म्हणजे इंडक्शन लूप. सभागृहाभोवती तार फिरवून ती ॲम्प्लिफायरला जोडतात. माईकवरचं बोलणं चुंबकीय क्षेत्रातून थेट मशीनमधल्या टेलिकॉइलला मिळतं, मधला गोंगाट गळतो. मशीन फक्त 'टी' वर ठेवायची. एसटीच्या चौकशी खिडकीवर छोटा लूपही चालतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार इमारतीसोबत माहितीही सुलभ हवी. म्हणजे नुसता रॅम्प बांधून भागत नाही. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. त्यातून लूप बसवा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडू या.

आणि हो, नवी मशीन घेताना टेलिकॉइल आहे का, हे नक्की विचारा. सगळ्यांत नसते. ज्याला ऐकूच येत नाही, त्यानं वर केलेल्या हाताला संमती कसं म्हणायचं?