पेणची नवरी, रोह्याचा नवरा



या अंकाची जुळवाजुळव चालू होती त्या महिन्यात आमच्या एका कार्यकर्तीच्या घरी पेणची एक मुलगी राहायला होती. वय २४. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. मुलगा रोह्याचा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा. दिवा-रोहा गाडीत ओळख झाली. तो पहिली पाळी संपवून पनवेलला बहिणीकडे चालला होता, ती कासूला मावशीकडे जाऊन परत पेणला येत होती. पुढे तीन वर्षं ही गाडी दोघांची जणू बैठकीची खोली होती. जाती वेगळ्या. कोणत्या, ते इथे मुद्दामच लिहीत नाही. वाचणारी लगेच मनात वर-खालीचा हिशेब मांडते, मीही मांडते. ओळखीच्या काही खुणाही बदलल्या आहेत.

या लग्नात मला सगळ्यांत जास्त छळलं ते कपड्यांनी. तेही सांगायला हवं.

मुलाच्या आईनं शालू घेतला होता. नारिंगी, भरजरी, कर्ज काढून. घरातून एवढा विरोध, मुलीचा बाप बोलत नाही, आणि ही शालू घेते! मी समजावायला गेले तर म्हणाली, "ताई, साध्या साडीवर आणली तर लोक म्हणतील पळवून आणली. शालू असला की सून म्हणतील." मी गप्प बसले. आपल्या शिबिरांत आपण साध्या लग्नाचं कौतुक करतो, पण साधेपणा ज्यांना परवडतो त्यांचंच कौतुक होतं. जिच्या लग्नाला बट्टा लागलाय तिला जर लागते.

मुलीला मात्र शालू नको होता. तिला गाऊन हवा होता. पांढरा, मागे लोळणारा, पनवेलच्या दुकानातून भाड्यानं आणायचा. झालं! मी माझा नेहमीचा पाढा सुरू केला. बाजार, जाहिराती, सिनेमा, चार तासांसाठी एवढं भाडं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागलात तेव्हा कोणाला विचारलं होतं?" मग तिनं कारण सांगितलं. शालू नेसला की तो कोणत्या पद्धतीनं नेसायचा, मुंडावळ्या कोणाच्या, मंगळसूत्राच्या वाट्या कोणत्या घरच्या, हिरवा चुडा कोणी भरायचा, हे सगळं आलं. प्रत्येक गोष्टीवर एका घराचा शिक्का. गाऊनवर आमच्या दोघांच्याही घराचा शिक्का नाही. "तो कोणाच्याच जातीचा नाही," ती म्हणाली. स्त्रीमुक्तीच्या शिबिरात एवढं नेमकं वाक्य मी क्वचित ऐकलंय.

तरी मी थोडा वाद घातलाच. पांढरा गाऊनही कुठून तरी आलेलाच आहे. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं लग्नात पांढरा झगा घातला. त्याआधी तिकडे नवऱ्या नाना रंगांचे कपडे घालत. राणीचं पाहून श्रीमंतांनी उचललं, आणि मग ती 'परंपरा' झाली. आपल्याकडेही तो पनवेलच्या दुकानातून पहिल्यांदा आलेला नाही. पेण आणि रोहा ही बेने इस्रायल ज्यूंची जुनी वस्तीची गावं. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं आजही इस्रायलमध्ये सापडतात. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. घरात मराठी बोलायची, बायका साड्या नेसायच्या, लग्नाआधी मेंदी आणि चुडा. त्यांच्या नवऱ्या आधी रंगीत साडीत, मग पांढऱ्या साडीत आणि पुढे पांढऱ्या गाऊनमध्ये उभ्या राहू लागल्या.

पण कपडे बदलले म्हणून प्रश्न संपले नाहीत. हीच माणसं इस्रायलला गेली तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर आई कोण, आईची आई कोण, मागच्या पिढ्यांतले काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले होते का, याची चौकशी करा, असा १९६२ साली आदेश निघाला. म्हणजे कोकणातल्या कोणा आजीच्या संसाराचा जाब नातीनं जेरुसलेममध्ये द्यायचा! या लोकांनी ठिय्या आंदोलन केलं, १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला, तेव्हा कुठे धर्मगुरू नमले. लग्न म्हटलं की चौकशी बाईच्याच वंशाची होते. पेण काय आणि जेरुसलेम काय.

रोह्याची गोष्ट निघाली की मला दुर्गाबाई आठवतात. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं. त्या दिवशी काय नेसवलं, कोणी नेसवलं, हे आठ वर्षांच्या मुलीला कोण विचारणार? कळत्या वयात त्यांनी त्या नवऱ्याबरोबर नांदायला नकार दिला आणि त्याला दुसरं लग्न करायला सांगितलं. पुढे त्याची ती दुसरी बायको विधवा झाली तेव्हा तिला आधार दिला तोही दुर्गाबाईंनीच. अंगावर खादी आली ती लहानपणीच, गांधीजींच्या प्रभावानं. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असताना तिकीट नाही म्हणून या चौदा वर्षांच्या मुलीनं जवाहरलाल नेहरूंना अडवलं होतं. पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, वकिली, घटना समिती, नियोजन आयोग. आणि चिंतामणराव देशमुख, मूळ रोहा तालुक्यातले, १९५२ साली आपल्या या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेले, देशाचे अर्थमंत्री. पहिली पत्नी वारलेली. २२ जानेवारी १९५३ ला दोघांनी लग्न केलं. ती ४३ वर्षांची, तो ५७. ती तेलुगू, तो मराठी, जाती वेगळ्या. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत तेच नेहरू, तीस वर्षांपूर्वी तिकिटावाचून अडवलेले.

अर्थमंत्र्याच्या लग्नाला कोण हरकत घेणार? पण आमच्या पेणच्या मुलीचं तसं नव्हतं.

१८७२ च्या जुन्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावं लागे. स्वतंत्र भारतानं १९५४ साली नवा कायदा केला आणि चौदाचे तीस दिवस केले. नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावायची. वकिलांनी सुचवलं होतं की दोघंही हिंदू आहात, हार घाला, विधी करा आणि नंतर नोंदणी करा, नोटिशीची भानगड नको. पण बापच उभा राहणार नाही तर कन्यादान कोण करणार, आणि मी दान व्हायचंच नाही, असं म्हणून मुलगी अडून बसली. (विधीत कन्यादान असलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हे सांगूनही पटलं नाही.) नोटीस लागली. मुलीचा चुलता मुद्रांक विकणारा, त्याची रोज कचेरीत ये-जा. चौथ्या दिवशी त्यानं वाचली.

म्हणून ती आमच्याकडे होती. छब्बीस दिवस. कायद्यानं हरकत घेता येते ती चारच कारणांसाठी. आधीचं लग्न, वय, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं. जात त्यात नाही. पण बापाला हरकत नोंदवायची नव्हतीच, त्याला फक्त पत्ता हवा होता आणि तो सरकारनं भिंतीवर लावून दिला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्यानं ठरवावं. आपल्याकडे मात्र डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द काढला, आंतरधर्मीय राहिलाच. एकीकडे हेच सरकार आंतरजातीय लग्नाला पन्नास हजारांचं अनुदान देतं. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालय २०१८ सालीच म्हणालंय. आमच्या मुलीचा निवारा म्हणजे एका अंगणवाडी सेविकेची मधली खोली. तुमच्या गटांनी आपापल्या जिल्ह्यात असा कक्ष आहे का, तिथला फोन कोणी उचलतं का, हे पाहून आम्हाला कळवावं. पुढच्या अंकात छापू.

बाप चार माणसं घेऊन रोह्याला गेला. दारात मुलाची आई उभी राहिली, शालूवाली. म्हणाली, "मुलगी इथं नाही. आणि असती तरी दिली नसती." मी तिच्याबद्दल जे काही मनात धरलं होतं ते त्या दिवशी गिळलं.

एकतिसाव्या दिवशी सह्या झाल्या. मुलगी पंजाबी ड्रेसमध्ये होती, कारण रस्त्यात पळावं लागलं तर साडीत पळता येत नाही. तीन साक्षीदारांतली एक मी. संध्याकाळी रोह्याला तिनं गाऊन घातला. लांबीला जास्त होता, शेजारच्या शिंप्यानं टाके घालून वर घेतला. सासूनं त्यावर हिरवा चुडा भरायला लावला आणि मुलीनं भरून घेतला. शालू ट्रंकेत गेला.

गाऊन दुसऱ्या दिवशी परत करायचा होता. फोटोसाठी दोघं कुंडलिकेच्या काठी गेली होती, झालरीला चिखल लागला. धुण्याचे दोनशे रुपये दुकानदारानं अनामतीतून कापून घेतले.