दोनशे गुणांचा कॉम्प्युटर

अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की गोंदियाच्या जयस्तंभ चौकातले क्लासचे फ्लेक्स बदलतात. गेल्या वर्षी जिथे ‘कोडिंग’ होतं तिथे यंदा ‘एआय’ आहे. फोटो आणि फी तीच असावी, असा माझा कयास. पण फ्लेक्सवर या स्तंभात पुरेशी शाई खर्च झाली आहे. या आठवड्यात माझं डोकं फिरलं ते आमगावकडच्या एका वडिलांच्या आनंदानं. पोराला बायफोकलची सीट मिळाली म्हणून फोन. ‘‘आता त्याचं कॉम्प्युटर सुरू झालं नं जी. दोनशेपैकी एकशे नव्वद तर येतातच म्हणतात.’’

येतातच. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

अकरावी-बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं की दुसरी भाषा सुटते आणि जीवशास्त्रही. म्हणजे बहुतेक घरांत पहिला निरोप मराठीला. बदल्यात दोनशे गुण, त्यातले शंभर प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल, आणि जर्नल म्हणजे बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या मुलाचं जर्नल. अभ्यासक्रमात इंटेलचा 8085 आहे, 1976 सालचा मायक्रोप्रोसेसर. त्यावर पुण्याची मंडळी हसतात, मी हसत नाही. उलट शिकायला तो फार चांगला. आत काय चाललंय ते पोराला दिसू शकतं: मोजकी रजिस्टरं, 64 केबी स्मृती, एक आकडा इथून उचलला, तिथे ठेवला, बेरीज केली. चिपचं वय हा दोषच नाही. दोष असा की ‘दिलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा शोधा’ हा प्रोग्रॅम पोरं पाढ्यासारखा पाठ करतात. सर्वांत लहान शोधायला सांगितला की वर्ग गप्प. बदलायची असते एक सूचना.

आता दुसरी वाट बघा. इंडियन कम्प्युटिंग ऑलिम्पियाड ही शाळकरी मुलांची स्पर्धा. शेवटी देशातली चार मुलं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातात. तिच्यात शिरायची एक फेरी वर्षानुवर्षं कागद-पेन्सिलीची राहिली आहे. कॉम्प्युटर लागत नाही, प्रोग्रॅमिंगची भाषाही लागत नाही. नुसती कोडी.

त्या धाटणीचं एक कोडं आपल्याकडच्या शेतात उतरवून देतो. सहा ओळी, ओळीत सहा बांध्या. प्रत्येक बांधीत धानाची काही पोती, कुठे तीन, कुठे अकरा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं, खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचायचं; चालायचं फक्त उजवीकडे किंवा खाली. वाटेतली पोती आपली. जास्तीत जास्त किती जमतील?

पोरगं आधी वाटा मोजायला बसतं. वाटा आहेत 252, त्यामुळे थोड्याच वेळात कंटाळतं. मग केव्हातरी लक्षात येतं की कुठल्याही बांधीत यायचं तर वरून नाहीतर डावीकडून, तिसरा रस्ताच नाही. त्या दोघींपर्यंत जमलेल्या पोत्यांतला मोठा आकडा घ्यायचा, त्यात इथली पोती मिळवायची आणि बेरीज याच बांधीत लिहून ठेवायची. छत्तीस आकडे लिहिले की उत्तर शेवटच्या बांधीत तयार. शेत वीस बाय वीसचं असतं तर वाटा साडेतीन हजार कोटींच्या वर जातात, आकडे मात्र चारशेच लिहायचे. अभियांत्रिकी कॉलेजात याला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात आणि मुलं त्याला घाबरतात. सालेकशाच्या आठवीतल्या पोराला ते लाइट गेलेली असतानाही कळू शकतं. कळतं, मी पाहिलंय.

आणि आम्ही काय करतो? प्रयोगशाळेचं उद्घाटन. माझं जुनंच तुणतुणं आहे, आकडेवारी मागू नका: फीत कापली, पडदे लागले, दाराबाहेर चपला काढायची पाटी आली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. पोरं चालत नाहीत, हे कोणी म्हणत नाही. सत्काराच्या भाषणात मग विजय भटकरांचं नाव येतं: अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा मुलगा, 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक. पण 1965 साली ते नागपूरहून अभियंता होऊन बाहेर पडले तेव्हा कॉम्प्युटरची शाखाच तिथे नव्हती, हे भाषणात येत नाही. आलं असतं तर फ्लेक्सवाल्यांची पंचाईत झाली असती.

शाळा सोडलेल्या मुंबईच्या मालविका राज जोशीबद्दल इथे लिहिलं तेव्हा ‘मग काय शाळा सोडायची?’ अशी पत्रं आली होती. दहावी-बारावीची गुणपत्रिका नाही, म्हणून आयआयटीचं दार बंद. ऑलिम्पियाडच्या तीन पदकांवर 2016 साली अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश. नाही, शाळा सोडू नका. तिच्यामागे पालकांची तयारी होती, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची शिबिरं होती. देवरीच्या मुलीपाशी यातलं काही नाही. तिच्यापाशी आहे विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस. या जिल्ह्याचं सर्वांत यशस्वी करिअर मार्गदर्शन केंद्र म्हणजे गोंदिया जंक्शनचा फलाट, हे मी पूर्वीही म्हटलंय. पण बांध्यांच्या कोड्याला गाडी पकडावी लागत नाही. जुन्या ऑलिम्पियाडच्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात. खर्च तो झेरॉक्सचा.

तशी झेरॉक्स घेऊन या आठवड्यात एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये गेलो होतो. कॉम्प्युटरच्या सरांनी कोडं सोडवलं, मजेत सोडवलं, शेजारच्या गणिताच्या मॅडमनाही ओढून आणलं. चहा आला. मग सरांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, ‘‘पण सर, याचे मार्क सीईटीत धरतात का?’’

नाही धरत. सीईटीत भौतिक, रसायन आणि गणित. जेईईतही तेच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दारात कॉम्प्युटरचा एकही प्रश्न विचारला जात नाही. तुमच्या बायफोकलचे दोनशेही तिथे धरत नाहीत, सर.